ठाणं सुटलं, पाणी ठेव

डोंबिवलीच्या स्वयंपाकघरांत सगळ्यात जास्त राबतात ती झाकणं. सकाळी डबे भरले की उरलेली भाजी झाकायची, संध्याकाळचा स्वयंपाक उरकला की तोही झाकायचा, आणि मग घरातलं जसजसं कोणी येईल तसतसं एकेक झाकण उघडायचं. आमच्याकडे सासूबाई साडेसातला जेवतात. मुलगा क्लासहून आला की जेवतो, माझं आठ-साडेआठला होतं आणि नवऱ्याचं गाडी आणील तेव्हा. एकच जेवण चार वेळा वाढलं जातं आणि चारही वेळा ते चांगलं लागावं लागतं. आमटीला हे जमतं, मुरली की ती उलट सुधारते. उसळीचं काही बिघडत नाही. भात कुकरमध्ये बसून राहतो, पोळ्या फडक्यात. मध्य रेल्वेच्या उपनगरांतला स्वयंपाक चवीने जितका घडवलाय तितकाच वेळापत्रकानेही घडवलाय, असं माझं ठाम मत आहे. गल्लोगल्लीची पोळीभाजी केंद्रं हा त्याचा पुरावा.

स्पॅगेटी या व्यवस्थेत बसत नाही. पाण्यातून काढल्यावर पाच-सात मिनिटं ती तिच्या भरात असते. मग आतला ताठपणा जातो, सॉस पिऊन ती फुगते, एकीला एक चिकटते. नंतर मायक्रोवेव्हमध्ये घालावी तर कडेला वाळते आणि मध्ये लगदा होतो. घरची स्पॅगेटी हॉटेलसारखी का होत नाही याची कारणं लोक सॉसमध्ये शोधतात, चीजमध्ये शोधतात, कोणीतरी दुबईहून आणलेल्या ऑलिव्ह तेलाच्या बाटलीत शोधतात. मला विचाराल तर ती बहुतेक वेळा बिघडते ती ताटकळून. सॉस थांबतो, माणसं थांबू शकतात, स्पॅगेटी थांबत नाही. एवढं मान्य केलं की बाकी लागतं ते सगळं आपल्या ओट्यावर असतंच.

गंमत म्हणजे कच्ची असताना तिच्याइतकी थांबणारी दुसरी वस्तू नाही. पाकिटात वर्ष-दोन वर्षं निवांत पडून राहते. ती जन्मालाच आली ती टिकण्यासाठी. 1154 मध्ये अल-इद्रिसी या भूगोलकाराने सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी जो ग्रंथ पुरा केला, त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाची नोंद आहे. तिथे पिठाच्या, इत्रिया नावाच्या वाळवलेल्या शेवया एवढ्या होत की जहाजं भरून परमुलखात जात. मार्को पोलो चीनहून परतला तो 1295 मध्ये, म्हणजे पास्ता त्याने इटलीत आणला ही लाडकी गोष्ट तिथेच निकालात निघते. ती गोष्ट पसरली त्यात मोठा हात अमेरिकेतल्या मॅकरोनी उत्पादकांच्या एका मासिकाचा, आणि तोही 1929 मधला. पुढे नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावात या धंद्याने मूळ धरलं. तिथली जुनी छायाचित्रं मी एकदा सासूबाईंना फोनवर दाखवली. भर रस्त्यात दोन्ही अंगांनी काठ्या लावलेल्या, काठ्यांवर स्पॅगेटी वाळत घातलेली आणि मधून माणसं येता-जाताना दिसतात. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

“वाळवणच होय न हे,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे बाजेवर धोतर टाकत होतो.”

सासूबाई अकोल्याकडच्या. डोंबिवलीत येऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली, पण वाक्यातला ‘न’ काही गेला नाही. लग्नाआधी त्यांनी पाटावरच्या शेवया केलेल्या आहेत. पाट बाजेला तिरपा लावायचा, वर बसून एकीने कणकेचा लांबट गोळा तळहाताने पाटावर रेटत न्यायचा, खाली सुटणारे धागे दुसरीने हलक्या हाताने झेलायचे आणि काठीवर टाकायचे. धागा तुटला की वरची खालचीला बोलणार आणि खालची वरचीला. शिवाय लग्नाघरी वळवट: नखुल्या नखावर, फणोल्या फणीवर, गव्हले दोन बोटांच्या चिमटीत. सार्डिनिया बेटावर मालोरेद्दूस नावाचा पास्ता वेताच्या टोपलीवर दाबून त्याच्यावर रेघा उमटवतात, हे मी वाचलं तेव्हा मला परदेशी काही वाचल्यासारखं वाटलंच नाही. सिंधुदुर्गात तांदळाच्या शिरवळ्या, आपल्या घराघरांत वरणफळं. पिठाला आकार देऊन पाण्यात किंवा वाफेवर शिजवायची विद्या आपल्याकडे कमी नव्हती. आपण तिला गोडाकडे किंवा वरणाकडे नेलं, एवढंच.

एका बाबतीत मात्र दोन्ही स्वयंपाकघरांनी वेगळी वाट धरली. गव्हाच्या रव्यात स्टार्चचे कण प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेले असतात. उकळत्या पाण्यात स्टार्च फुगायला लागतो आणि त्याच वेळी प्रथिनं घट्ट होत जातात. जाळं मजबूत असलं तर स्टार्च बराचसा आत राहतो आणि काडी सुटी शिजते. जाळं दुबळं निघालं तर स्टार्च बाहेर सांडतो, पाणी दुधाळ होतं आणि सगळ्याचा गोळा. आपल्या शेवयांना आपण आधी तुपावर खरपूस भाजतो. भाजलेला स्टार्च कमी चिकटतो, तुपाचा थर बसतो तो वेगळाच. इटलीने भाजणं सोडलं आणि सगळा भरवसा टाकला गव्हावर.

तो गहू म्हणजे ड्युरम. दाणा कठीण, अंगाने पिवळसर. दळला तरी पटकन पीठ होत नाही, रवाच होतो. इटलीत 1967 च्या कायद्याने तिथे होणारा सुका पास्ता ड्युरमचाच असावा असं ठरवून टाकलं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत मॅकरोनीच्या जातीच्या पदार्थांना रवाही चालतो आणि मैदाही. म्हणून रामनगरातल्या वाण्याकडे असो की मानपाडा रोडवरच्या मोठ्या दुकानात, पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचणं हा स्पॅगेटी चांगली करण्यातला पहिला भाग. ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ असं असेल तर घ्यायची. मैदा दिसला तर जागेवर ठेवून द्यायची, सूट कितीही असो. पाकिटाला खिडकी असेल तर काडीही पाहावी. गुळगुळीत, चकाकती काडी दिसायला छान, पण तिच्यावर सॉस ठरत नाही. कांस्याच्या साच्यातून काढलेली काडी फिकट आणि खरखरीत असते. ती महाग असते, आणि त्या पैशाचं चीज होतं असं माझं मत.

ड्युरम आपल्याला परका नाही. दख्खनचा बन्सी गहू ड्युरमच. सांगली-साताऱ्याकडची खपली ही त्याच्या जवळच्या कुळातली. दोघांतही गुणसूत्रं 28, आपल्या पोळीच्या गव्हात 42. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ड्युरमचे वाण काढलेत. संस्था 1946 ची. तेव्हाचं तिचं इंग्रजी नाव महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, म्हणून तिच्या वाणांच्या नावाआधी अजूनही एमएसीएस लागतं. त्यातला एमएसीएस 4028 हा ड्युरम साधारण 102 दिवसांत कापणीला येतो आणि त्याच्यात प्रथिनं 14.7 टक्के. हे आकडे मी सासूबाईंना वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “पोळी कशी होते त्याची?” पोळी विशेष होत नाही. पोळीला लागते ताणली जाणारी कणीक, आणि ती देतो लोकवन, जो गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारतीने काढला आणि डोंबिवलीच्या निम्म्या घरांत एप्रिल-मेमध्ये पोत्याने येऊन पडतो. ड्युरमची कणीक हट्टी. पोळीत जो दुर्गुण, तोच शेवयांत गुण.

आता पाणी. इटालियन हिशेब सरळ आहे: 100 ग्रॅमला एक लिटर, लिटरला 10 ग्रॅम मीठ. चौघांना 400 ग्रॅम, म्हणजे चार लिटर पाणी उकळायचं आणि शेवटी मोरीत ओतून द्यायचं. ज्या घरात उन्हाळ्यात बारवी धरण किती टक्के भरलंय याची चर्चा चहाबरोबर होते आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आज पाणी कमी दाबाने’ हा निरोप नित्याचा, त्या घरात हा हिशेब पचत नाही. शिवाय ते पाणी खारट, तुळशीला घालायचीही सोय नाही. सासूबाई ते भांडी विसळायला वापरावं म्हणाल्या. चार लिटर स्टार्चच्या पाण्यात भांडी विसळणं म्हणजे काय, ते त्यांनी स्वतःच एकदा पाहिलं आणि सूचना मागे घेतली.

यावर उतारा अमेरिकेतून आला. अन्नाच्या विज्ञानावर लिहिणाऱ्या हॅरल्ड मॅगीने 2009 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की एवढ्या पाण्याची मुळीच गरज नाही. साडेचारशे ग्रॅम पास्ता दीड-दोन लिटरमध्ये होतो, आणि तोही गार पाण्यात टाकून वर तापवला तरी. अट एक, ढवळत राहायचं. पहिल्या दोन मिनिटांत काडीच्या अंगावरचा स्टार्च चिकट होतो आणि तेवढ्यात दोन काड्या एकमेकींना भिडल्या तर त्या शेवटपर्यंत सुटत नाहीत. भरपूर पाणी हे आळशी माणसासाठी, कमी पाणी जागच्या जागी उभं राहू शकणाऱ्यासाठी. चारशे ग्रॅमला मी दोन लिटर घेते. मीठ पाण्याच्या मानाने, म्हणजे 20 ग्रॅम. आमच्या मापाने सपाट चार चहाचे चमचे, कारण चहाचा चमचा मिठाचा पाच-सहा ग्रॅमचा असतो. दाखवलं तर कोणीही ‘अगं किती!’ म्हणतं. पण मीठ काडीच्या आत जायची वेळ हीच, नंतर वरून घातलेलं मीठ वरच राहतं. पाण्यात तेल घालायचं नाही. ते वर तरंगतं, आणि काढताना काडीला माखून सॉस घसरवतं. आणि शिजल्यावर नळाखाली धुवायची तर अजिबात नाही. ते चायनीजच्या गाडीवरच्या नूडल्सचं तंत्र, तिथे ते बरोबरच आहे, इथे नाही.

2022 मध्ये युरोपात गॅस महागला तेव्हा जॉर्जो पारिसी यांनी, म्हणजे आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या रोमच्या शास्त्रज्ञांनी, एक युक्ती लोकांपुढे ठेवली. पाणी उकळलं, पास्ता टाकला, दोनेक मिनिटांनी गॅस बंद करायचा आणि झाकण घट्ट लावून ठेवायचं. राहिलेलं काम आतली उष्णता करते. इटलीतल्या आचाऱ्यांनी त्यांना बरंच सुनावलं. मी करून पाहिलं. जाड बुडाच्या पातेल्यात काडी शिजते, त्यात खोटं काही नाही. पण मध्ये झाकण उघडायचं नाही, त्यामुळे चाखून नेमकी वेळ धरता येत नाही. झाकणाच्या राज्यातून सुटायला मी स्पॅगेटीकडे वळले होते, म्हणून ती युक्ती सिलिंडर संपत आल्याच्या दिवसासाठी राखून ठेवलीय.

काड्या पातेल्यात उभ्या मावत नाहीत. सासूबाईंचा हात लगेच मोडायला जातो, शेवया खिरीत मोडूनच घालतात. मोडू द्यायच्या नाहीत. अर्ध्या मिनिटात खालचा भाग मऊ पडतो, वरून चमच्याने हलकं दाबलं की सगळ्या वळून आत बसतात. मोडायचीच झाली तर सुकी काडी कधी दोन तुकड्यांत मोडत नाही, तीन-चार होतात आणि मधला तुकडा थेट गॅसमागे उडतो. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनना याचं कोडं पडलं होतं. 2005 मध्ये दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी ते सोडवलं: पहिला तुकडा पडताच उरलेली काडी सरळ व्हायला झटका देते, त्या झटक्याची लाट काडीतून धावते आणि पुढे कुठेतरी दुसरा तडा जातो. 2018 मध्ये एमआयटीतल्या मंडळींनी काडीला आधी पाऊण वेढा पीळ देऊन मग हळूच वाकवली आणि बरोबर दोन तुकडे करून दाखवले. त्या निबंधाच्या लेखकांत पाटील हे आडनाव आहे. वाचून उगाच बरं वाटलं.

सॉस आधीच करून ठेवायचा, कारण तो थांबतो. आमच्याकडे दोन होतात. एक मार्सेला हझान यांचा. इटलीत जन्मून न्यूयॉर्कमध्ये स्वयंपाक शिकवणाऱ्या या बाईंनी 1973 पासूनच्या आपल्या पुस्तकांनी अमेरिकेला इटालियन जेवायला शिकवलं. त्यांच्या सॉसमध्ये टोमॅटो, लोणी, सोलून दोन भाग केलेला एक कांदा आणि मीठ. झालं. लसूण नाही, ओरेगॅनो नाही, मिरचीसुद्धा नाही. पाऊण तास मंद आचेवर. सासूबाईंच्या मते ही अर्धी राहिलेली भाजी आहे. फोडणी कधी देणार याची त्या शेवटपर्यंत वाट पाहत होत्या. पण हिवाळ्यात नारायणगावकडचे टोमॅटो लाल आणि स्वस्त असतात तेव्हा याला तोड नाही. बाजारचे टोमॅटो प्रवासासाठी जाड सालीचे केलेले, म्हणून आधी गरम पाण्यात टाकून साल काढावी, बिया थोड्या झटकाव्यात. लोणी खारट असेल तर मीठ बेताने. कांदा शेवटी काढून टाकायचा असं पुस्तक म्हणतं. आमच्याकडे तो काढून टाकला जात नाही, त्यावर हक्क सांगणारे दोघं आहेत.

दुसरा सॉस सॉस नव्हेच: तेल, लसूण, सुकी मिरची. नेपल्सचा. स्टेशनजवळच्या भाजीबाजारात गावठी लसणाच्या जुड्या घेऊन बायका बसतात. त्या लसणाची पाकळी लहान आणि तिखट. सोलताना जीव जातो, पण घ्यावा तोच. ठेचायचा नाही, कापायचा. पातळ चकत्या गार तेलात टाकून मग गॅस लावायचा, अगदी बारीक. आपल्या फोडणीची सगळी शिस्त इथे उलटी. फोडणीत तेल कडक तापवून लसूण तडकवतो. इथे तेल आणि लसूण बरोबर तापतात. चकतीची कड फिकट सोनेरी झाली की गॅस बंद. त्यापुढे अर्धं मिनिट गेलं तरी ती कडू. ब्याडगीचे दोन तुकडे रंगाला, तिखट हवं तर एक लवंगी. ऑलिव्ह तेल असेल तर उत्तम, नसेल तर घाण्याचं शेंगदाण्याचं. इटालियन माणूस हे वाचणार नाही म्हणून सांगते, बरं लागतं.

आता खरा खेळ. पाकिटावर दहा मिनिटं लिहिलेली असतील तर सातव्या मिनिटाला एक काडी उचलायची, फुंकर घालून दाताने तोडायची आणि तुटलेलं टोक उजेडात धरायचं. पिवळट वर्तुळाच्या मधोमध पांढरा ठिपका दिसतो. तो भाग अजून कोरडा. मिनिटाभराने दुसरी काडी: ठिपका टाचणीच्या टोकाएवढा राहिलेला. या घडीला स्पॅगेटी चिमट्याने उचलून सरळ सॉसच्या कढईत. पाणी फेकायचं नाही, हेच सगळ्यात मोलाचं. एक डाव ते गढूळ, खारट पाणी कढईत ओतायचं, आच मोठी करायची आणि हलवायचं. सुरुवातीला तेल वेगळं चमकत असतं, पाणी वेगळं खळखळत असतं. मिनिट-दीड मिनिटात खळखळीचा आवाज जाड होतो, बुडबुडे मोठे आणि संथ होतात, आणि तेल-पाणी मिळून काडीवर दाट, किंचित पांढुरकी झिलई बसते. पाण्यातला स्टार्च तेलाच्या थेंबांना परत एकत्र येऊ देत नाही. कमी पाण्यात शिजवल्याचा फायदा इथे मिळतो, कारण तेवढं ते पाणी दाट. 2025 मध्ये इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने काचो ए पेपे या चीज-मिऱ्याच्या पास्त्यावर चक्क शोधनिबंध लिहिला. चीजच्या वजनाच्या दोन-तीन टक्के स्टार्च असला तर सॉस फुटत नाही, एक टक्क्याखाली गेला की गुठळ्या, असं त्यांना दिसलं. आपले चीजचे क्यूब मात्र मुकाट वितळतात, कारण फुटू नये म्हणून लागणारे क्षार त्यांत कारखान्यातच घातलेले असतात. त्यामुळे मुलांना ते आवडतात आणि शिकण्यासारखं काही उरत नाही.

सासूबाईंनी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा म्हणाल्या, “मधात कच्ची राहिली न.” राहिलेली नव्हती; तशीच असते हे मी सांगितलं. त्यांनी दुसरा घास घेतला, चावला, आणि मऊ भाताबद्दल त्यांचं आयुष्यभराचं जे मत आहे ते थोडं मागेपुढे करत म्हणाल्या की दात आहेत तोवर चालंल. त्या हातानेच खातात. बोटांनी गोल वळवून घास करतात तेव्हा एकही काडी लोंबत नाही. मुलाला काट्याने अजून तेवढं जमत नाही.

राहिला प्रश्न उशिरा येणाऱ्याचा. झाकून ठेवायचं नाही म्हटल्यावर नवऱ्याचा वाटा शिजवायचाच नाही, हे उघड होतं. त्याच्या शंभर ग्रॅम काड्या ओट्यावर कोरड्या ठेवलेल्या असतात, सॉस कढईत. ठाणं सुटलं की त्याचा निरोप येतो. तिथून डोंबिवली वीसेक मिनिटं, पुलावरची गर्दी आणि चालत घर मिळून आणखी दहा-पंधरा. निरोप आला की मी पाणी ठेवत नाही, नुसतं पातेलं काढते. कारण गाडी दिव्याच्या अलीकडे उभी राहिली तर सगळा हिशेब गडगडतो, आणि ती राहते. पाणी ठेवायचं ते ‘उतरलो’ या निरोपावर. दार वाजतं तेव्हा काड्या पातेल्यात पडलेल्या असतात. हातपाय धुऊन येईपर्यंत त्या कढईत पोहोचतात. दिवसभराचं काय झालं ते तो ओट्याजवळ उभा राहून सांगतो, कारण ताट घेऊन टीव्हीपुढे जायला अजून अवकाश असतो. झाकलेल्या जेवणाच्या दिवशी हे बोलणं होत नाही. त्या दिवशी मी आधीच झोपायच्या तयारीत असते.

रविवारी मेगाब्लॉक असला की मात्र सगळे घरातच. तो आमचा स्पॅगेटीचा हक्काचा दिवस. चारशे ग्रॅम एकदम, ताटं आधी मांडून, माणसं आधी बसवून. मोठ्या घाण्याला दोन हात जास्त लागतात, तेव्हा कढई हलवायला मुलगा. एवढं करूनही कधी उरते. नेपल्समध्ये उरलेल्या स्पॅगेटीत अंडी फोडून जाड थालीपिठाएवढं ऑम्लेट करतात आणि ते गार झाल्यावर सहलीला नेतात. आमच्याकडे सोमवारी सकाळी तिला मोहरी, कढीपत्ता, हळद आणि दाण्याचं कूट मिळतं आणि ती डब्यात जाते. फोडणीच्या पोळीचं जे झालं तेच तिचं. दुपारी एकपर्यंत ती मजेत थांबते. आता तिच्याकडून ताठपणाची कोणाची अपेक्षा नसते.

या उन्हाळ्यात सासूबाईंनी सरगुंडे काढलेत डोक्यात. त्यांच्याकडे आंब्याच्या दिवसांत करत: कणकेची बारीक वात गवताच्या काडीवर नागमोडी गुंडाळायची, काडी अलगद ओढून घ्यायची, वाफवायचे आणि आमरसात बुडवून खायचे. मी त्यांना सांगितलं की इटलीच्या बुटाच्या चवड्याशी, कालाब्रियात हुबेहूब हेच करतात, लोखंडी बारीक सळईवर, आणि सळई नसेल तर विणायच्या सुईवर. त्यांना त्या बायका लगेच पटल्या. डोंबिवलीत ती गवताची काडी कुठून आणायची हा प्रश्न होता, म्हणून फडके रोडवरून विणायच्या सुयांची जोडी आणली, दोन नंबर बारीक. रवा बन्सीचा मिळाला. पहिला सरगुंडा सुईवरून निघाला तो आख्खा निघाला, पोकळ, मध्ये उजेड दिसेल असा. वाफेवर चढवायच्या आधीच वाद सुरू झाला. माझं म्हणणं अर्धे लसणाच्या तेलात टाकून पाहू.

“पाहा न,” त्या म्हणाल्या, “पण रस आधी वाढ. उतरले की ताटातच घ्या लागतात, ते काई थांबत नाहीत कोणासाठी.”